फराळाची सावड

सोनुबाई आमच्या इमारतीत राहायला आल्या आणि तिसऱ्याच दिवशी मी त्यांना नोटीस दिली. त्यांनी गच्चीवर चादरी अंथरून उकडे तांदूळ वाळत घातले होते, आणि तेही माझ्या परवानगीशिवाय.

मी शेलूच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. त्याआधी खोपोलीकडच्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षं टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आत आला, कोण किती वाजता बाहेर पडला, कुणाचा पूर्ण दिवस धरायचा आणि कुणाचा अर्धा, हे ठरवणं माझं काम. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. आमच्या लिफ्टमध्ये माझ्या चार नोटिसा आहेत, जिन्यात पाच. लोक त्या वाचत नाहीत हा भाग वेगळा.

सोनुबाईंनी मात्र वाचली. संध्याकाळी त्या नोटिशीची नीट घडी करून आमच्या दारात उभ्या राहिल्या. चौसष्ट वर्षांच्या, बुटक्या, अंगानं काटक, पदर कमरेला खोचलेला.

"भाव, तुमचा कागद वाचला. अक्षर झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पन तांदळाला वाचता येत नाय, त्याला ऊन लागतं. दोन दिस द्या, मग काढते."

बरोबर दोन दिवसांनी तांदूळ निघाले. गच्ची झाडलेली होती, कोपऱ्यातली कबुतरांची वर्षभराची घाणसुद्धा गेली होती, आणि आमच्या घरी वानवळा म्हणून शेरभर तांदूळ आला होता. माझ्या बायकोनं, सुनंदानं, तो ठेवून घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पेपर तोंडासमोर धरला.

सोनुबाई मूळच्या कळंबच्या, दिल्या खालापूर तालुक्यात. खोपोलीच्या गाडीनं जाऊन स्टेशनावरून पंचवीस मिनिटं चालावं तेव्हा त्यांचं गाव येतं. घरची भातशेती. नवरा लवकर गेला, दीर मालोजी शेजारच्याच घरात. मुलगा स्वप्नील शिकला, ठाण्याला नोकरीला लागला, सून रुचिताही नोकरी करणारी. दोघांनी शेलूला फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आले. आईनं येताना कपड्यांची एक पिशवी, तांदळाची दोन पोती आणि भातकापणीचा विळा एवढं सामान आणलं. फ्लॅटमध्ये विळा कशाला, असं मी विचारलं होतं. "सवय हाय," एवढंच उत्तर मिळालं.

आता सुनंदाबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिच्यामुळे घडली.

गेल्या वर्षी धनत्रयोदशीला दुपारी ती स्वयंपाकघरात कोसळली. सकाळपासून कढईसमोर उभी होती. त्याआधी चार दिवस घराची झाडलोट, पडदे, डबे, भाजणी, असं एकटीनं चाललेलं. मी बाहेर मुख्य दाराला तोरण कसं लावावं याची नोटीस लिहीत होतो. धाडकन आवाज आला म्हणून आत गेलो तर ही आडवी. कढई कलंडली नाही हे नशीब. कर्जतच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदयात दोष नाही, डोक्यात गाठ नाही. रक्तदाब मात्र एकशे सत्तरच्या वर. "गोळी रोज घ्यायची, ती चुकवायची नाही," ते म्हणाले, "पण गोळी तुमच्यासाठी चकल्या तळणार नाही. सणावाराचा हा ताण कमी करा. पुन्हा असं झालं तर दर वेळी इतक्यावर भागेल असं नाही."

ते वाक्य वर्षभर माझ्या कानात होतं. आणि या वर्षी आमच्या समिधाचा दिवाळसण होता. लग्न मे महिन्यात झालेलं. पाडव्याला जावई हरेश, त्याची आई आनंदीबाई आणि आणखी नऊ माणसं येणार. मी म्हटलं, चार पदार्थ कर, बाकी बाहेरून आणू. सुनंदा म्हणाली, "माझ्या दिवाळसणाला माझ्या आईनं अकरा पदार्थ केले होते. माझ्या लेकीच्या सणाला दुकानातली चकली ठेवू?" तिनं अकरा पदार्थांची यादी करून फ्रिजवर चिकटवली. मी रोज येताजाता ती यादी बघायचो. खरं सांगतो, मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडतो.

दसऱ्याच्या आधी सोनुबाई विरजण मागायला आल्या आणि त्यांना ती यादी दिसली.

"ह्ये समदं तू एकटी करनार?"

"दर वर्षी करतेच की," सुनंदा म्हणाली.

"आनि गेल्या वर्षी पडलीस ती?" आमच्या इमारतीत काही लपत नाही. "बाय गं, एवढं भात एकटी बाई कापती का? आमी सावड करतो. आज समद्या माझ्या शेतात, उद्या तुझ्या. फराळाची पन सावड लावू."

सावड मला माहीत नव्हती असं नाही. आमचंही घराणं शेतकऱ्याचंच. लहानपणी कापणीला आमच्याकडे बायका यायच्या, मग आई त्यांच्याकडे जायची. कामाची फेड कामानं. पण एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात गेलो आणि सगळं मागे राहिलं. फ्लॅटमध्ये सावड ही कल्पना ऐकून मी हसलो. सुनंदा हसली नाही. तिला वेगळीच काळजी पडली होती. "लोक माझ्या स्वयंपाकघरात येणार, डबे बघणार, मग बोलणार," ती म्हणाली.

"सावडीत दुसऱ्याच्या शेताला नावं ठेवत नायत," सोनुबाई म्हणाल्या. "गवत दिसलं तर उपटायचं, बोलायचं नाय."

आठ घरं तयार झाली. समोरच्या जयाताई पहिल्या. ज्या घरची माणसं दिवाळीत गावी जाणार त्यांचा फराळ आधी, कारण ज्याचं भात आधी पिकतं त्याचं आधी कापतात. आमचे पाहुणे थेट पाडव्याला, म्हणून आमची पाळी शेवटची. नोकरीवाल्या दोघींनी आपापल्या रजा त्या हिशेबानं टाकल्या. हे सगळं सोनुबाईंनी कागद न वापरता ठरवलं. मी एक तक्ता करून देऊ का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाव, तुमी आपले वाचत बसा."

पहिल्या दिवशी जयाताईंच्या घरी काय चाललंय ते बघायला मी गेलो. म्हणजे सोसायटीच्या दृष्टीनं, आठ बायका आणि एवढा गॅस, लक्ष ठेवायला नको का. हॉलमधला सोफासेट भिंतीला लावलेला, खाली चटया, आणि सगळ्या पाय पसरून बसलेल्या. एक लाटतेय, एक सारण भरतेय, एक कातणानं कापतेय. फोन सगळ्या दाराजवळच्या टोपलीत. सोनुबाईंचं लक्ष कढईपाशी. तिथे जी बाई असेल तिनं दहा घाणे काढायचे आणि उठायचं. अकरावा घाणा काढायचा नाही, मग हात कितीही बसलेला असो. उठून गॅलरीत जायचं, कमरेवर हात ठेवून माथेरानच्या डोंगराकडे बघत उभं राहायचं आणि पाणी प्यायचं.

"अहो, अजून चार घाण्यांत संपलं असतं," कुणीतरी कुरकुरलं.

"कापताना पात, म्हंजी आपल्या वाट्याचा पट्टा, संपली की कंबर सरळ करतो का नाय? तसंच हाय. जी उठत नाय ती आडवी होती," सोनुबाई म्हणाल्या. सुनंदानं खाली मान घातली आणि निमूट उठली.

दुपारी घरधनीण सगळ्यांना जेवू घाली. मेजवानी नाही, तांदळाची भाकरी आणि एखादी भाजी किंवा सुकटीची चटणी. त्यानंतर अर्धा तास सगळ्यांनी पाठ टेकायची. मी जयाताईंच्या दारातून पाहिलं, आठही जणी चटईवर आडव्या, पंखा चालू, कुणी घोरतंय. ह्यांच्यापैकी निम्म्या जणी दिवाळीच्या आठवड्यात दुपारी आडव्या होण्याला पाप समजत. आणि दिवेलागणीच्या आत काम बंद. उरलं तर उरलं. गप्पांना मात्र बंदी नव्हती. सासू, नवरा, ऑफिसातला साहेब, सगळ्यांची यथेच्छ निंदा व्हायची, आणि सेक्रेटरी हा विषय रोज असायचा असं मला खात्रीलायक कळलं.

रोज संध्याकाळी मी सुनंदाचा रक्तदाब मोजत होतो. यंत्र मीच आणलेलं. गोळी चालू होतीच, पण दर वर्षी या दिवसांत आकडा चढायचा तो या वेळी चढेना. एकशे पस्तीस, एकशे तीस. तिसऱ्या घराच्या दिवशी ती घरी आली ती स्वतःशी गुणगुणत. मी यंत्राला पट्टा बांधत होतो. "तुमचाही मोजा एकदा," ती म्हणाली. मी मोजला नाही.

आता मी काय घोटाळा केला तो सांगतो.

सातव्या घरचं काम झालं त्या संध्याकाळी सुनंदा जरा दमलेली दिसली. दमणारच, सात दिवसांत सात घरं झाली होती. पण मला गेल्या वर्षीची धनत्रयोदशी दिसू लागली. उद्या आपल्याच घरी अकरा पदार्थ, वर सात बायकांचं जेवण. मी तिला काही बोललो नाही. खाली पार्किंगमध्ये जाऊन कर्जतच्या एका दुकानदाराला फोन केला आणि अकराच्या अकरा पदार्थ सांगितले. मग सावडीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जो मीच काढून दिला होता, संदेश टाकला. "उद्या बी-२०४ येथे फराळासाठी कोणीही येऊ नये. फराळाची व्यवस्था करण्यात आली आहे. सहकार्याबद्दल आभार. सेक्रेटरी." टाकल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी एक चहा जास्त प्यालो. आपण बायकोला वाचवलं, अशी माझी समजूत होती. सकाळी सांगून तिला चकित करू म्हटलं.

सकाळी मी दाढी करून बाहेर आलो तर हिनं चटया अंथरल्या होत्या. भाजणी भिजवायला परात काढलेली, सात जणींच्या भाकऱ्यांचं पीठ बाजूला, फोन टाकायला टोपली दाराशी. आठ वाजले, साडेआठ वाजले. कुणी आलं नाही. हिनं समोरचं दार वाजवलं. जयाताईंनी अर्धवट उघडलं.

"वहिनी, मेसेज वाचला. झाली ना तुमची सोय, बरं झालं," त्या म्हणाल्या आणि दार हळूच लावलं.

सुनंदानं टोपलीतला स्वतःचाच फोन काढला, वाचला. मग माझ्याकडे वळली. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"सात घरी मी बसले, ती हौस म्हणून नाही," ती म्हणाली. "माझ्या घरी सात जणी येणार होत्या म्हणून मला निर्धास्त वाटत होतं. आणि तुम्ही त्यांना कळवलंत, तुमचे हात आम्हाला नकोत. सावड परत घेतली नाही म्हणजे काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे? तुमच्याच आईनं मला सांगितलं होतं."

मला ठाऊक होतं. आमच्या गावात एका घरानं एकदा असंच केलं होतं, कापणीला मजूर आणून सावड नाकारली. पुढे त्या घरी कुणी दिवाळीला गेलं नाही आणि लग्नालाही बळंच गेले. सावड फेडून घेणार नाही म्हणणं याचा अर्थ, तुमचं आमचं आता काही नातं नाही. हे सगळं मी लहानपणापासून जाणत होतो आणि साफ विसरलो होतो.

सुनंदा चटईवर बसली. तिला धाप लागली. मी यंत्र आणलं. एकशे अडुसष्ट. गेल्या वर्षी पडली तेव्हाच्या जवळपासचा आकडा, आणि या वेळी तो चढवणारा मी होतो. तिला पाणी दिलं, सकाळची गोळी घेतल्याची खात्री केली, जमिनीवर आडवं केलं आणि तिसऱ्या मजल्यावर सोनुबाईंकडे गेलो.

त्या पिशवी भरत होत्या. वर विळा ठेवलेला.

"तुमचा कागद रात्री फोनवर आला," त्या म्हणाल्या, "तवा मालोजीला फोन केला, उद्याच येते म्हनून. भात लोळायला लागलंय, वर आभाळ भरतंय. सुनंदाची पाळी होती म्हनून थांबले होते. आता माझं हितं काय हाय?"

मी काय केलं ते सांगितलं, सुनंदाची अवस्था सांगितली. चूक झाली हे शब्द मी शेवटचे कधी उच्चारले होते मला आठवत नाही, पण उच्चारले.

"तुमी वाईट मनानं केलं नाय, म्या जानते," सोनुबाई म्हणाल्या. "पन तिकडं शब्द दिलाय. मालोजीनं समदी मानसं बोलावलीत. माझी पात रिकामी नाय ठेवता येत."

"सावडीत बदली माणूस चालतो ना?" मी विचारलं.

"चालतो की."

"मग मी जातो. तुमच्या जागी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, पोट. हसतील असं वाटलं, पण हसल्या नाहीत. विळा उचलून माझ्या हातात दिला.

"धार हाय, बोटं सांभाळा. आनि आदी सा दारं वाजवा. कागद नको, तोंडानं सांगा. मग गाडी पकडा."

मी सहा दारं वाजवली. कपड्यांना हात पुसत एकेक बाई बाहेर येई आणि मी म्हणे, "माझं चुकलं. सुनंदा वाट बघतेय. याल का?" पहिल्या दाराशी तोंडात नोटिशीचीच भाषा येत होती, तिसऱ्यापर्यंत जरा सुधारलो. जयाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "विळा कशाला घेतलाय?" मी कारण सांगितल्यावर त्या आत जाऊन रुमाल घेऊन आल्या. "डोक्याला बांधा, ऊन लागेल," म्हणाल्या आणि चपला घालून आमच्या घरात शिरल्या.

कर्जतला उतरून दुकानातून माझे अकरा पदार्थांचे खोके उचलले, त्यांचं दुसरं काय करणार, आणि खोपोलीच्या गाडीत बसलो. पळसदरीच्या तलावाकडे आज मी पहिल्यांदा घड्याळ न बघता पाहिलं, असं म्हणायला छान वाटलं असतं. खरं म्हणजे मी दर पाच मिनिटांनी सुनंदाला फोन करत होतो. तिसऱ्या वेळी सोनुबाईंनीच उचलला. "ती बरी हाय. फोन टोपलीत टाकतेय," म्हणाल्या आणि टाकला.

मालोजी बांधावर उभे होते. सत्तरीचा माणूस, बनियन, डोक्याला मुंडासं. माझ्या एका हातात विळा, दुसऱ्या हातात मिठाईचे खोके.

"सोनुवयनी कुठं हाय?"

"त्यांच्या बदली मी आलोय."

शेतातल्या बारा जणांनी माना वर केल्या. कुणी हसलं नाही, फक्त एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. मालोजींनी मला सोनुबाईंची पात दाखवली. डाव्या हातानं मूठ धरायची, खाली विळा घालायचा, स्वतःकडे ओढायचा, मूठ मागे ठेवायची. ऐकायला सोपं आहे. दहा मिनिटांत माझा शर्ट भिजला. अर्ध्या तासात करंगळीला काप गेला. जयाताईंच्या रुमालाचा एक तुकडा फाडून बांधला. माझ्या दोन्ही बाजूंच्या पाती पुढे सरकत गेल्या आणि मी मधेच एकटा उरलो. पण गंमत अशी की वाकून मुठीमागून मूठ धरताना दुसरं काही सुचत नाही. ना यादी, ना आकडा, ना पाहुणे. पात संपली, मी कंबर सरळ केली, डोंगरावरून वारा आला, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा माझी छाती मोकळी झाली. वर्षभर मी सुनंदाचा ताण मोजत होतो. माझा कुणी मोजलाच नव्हता.

दुपारी आंब्याखाली भाकऱ्या सुटल्या. मी खोके उघडले. चकली मोडून मालोजींनी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली.

"ह्ये इकत घेतलं?"

"हो."

"दिसतंय," ते म्हणाले. पण पोरंबाळं असलेल्यांनी खोके घरी नेले, वाया काही गेलं नाही.

मग सगळे पाठ टेकून पडले, आणि माझ्याशेजारी पडल्या पडल्या मालोजी सोनुबाईंविषयी बोलले.

"माझा भाव गेला तवा स्वप्नील सातवीत. भात उभं होतं. गाव आलं, म्हनलं, वयनी, तू बस, आमी कापून देतो. तुला फेडायला नको. तर ही उठून उभी ऱ्हायली. म्हनली, दया नको, सावड द्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात होती. पुढल्या कापनीपातूर गावातल्या एकूनएक घरी जाऊन आली. फिटलं तरी जात ऱ्हायली. लोक म्हनायचे, हिला दुःख कसं नाय. मला म्हनली, चार बायांत वाकले की रडू येतं आनि जातं पन. घरात बसले तर येतं आनि बसून ऱ्हातं."

मी वर पानांकडे बघत राहिलो. ह्या बाईला मी तांदळासाठी नोटीस दिली होती. ती माझ्या इमारतीत राहते, आज माझ्या घरी माझ्या बायकोजवळ बसलेली आहे, याचा मला फार अभिमान वाटला. तो वाटायला माझं काही कर्तृत्व नव्हतं, तरी वाटला.

सूर्य खाली गेल्यावर मालोजी माझ्या पातीपाशी आले. कापलेलं बघितलं, राहिलेलं बघितलं.

"सोनुवयनीच्या मानानं तुमचा अर्दा मानूस धरतो," ते म्हणाले.

तेहेतीस वर्षं मी लोकांचे अर्धे दिवस मांडले. कुणी गयावया केली तर घड्याळाकडे बोट दाखवलं. ते समोरच्याला कानाला कसं लागतं, हे त्या बांधावर कळलं. मी हुज्जत घातली नाही, कारण मालोजींचा हिशेब बरोबर होता. उरलेला अर्धा द्यायला उद्या पुन्हा येतो, असं म्हणालो आणि स्टेशनाकडे चालू लागलो.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि काम बंद झालं होतं. अकरापैकी नऊ पदार्थ डब्यांत भरलेले. दोन उरले होते. उरलं तर उरलं. सुनंदा गॅलरीत खुर्चीवर बसली होती. मी यंत्र काढायला गेलो तर म्हणाली, "मघाशी जयानं मोजला. एकशे बत्तीस." मग तिनं माझी करंगळी बघितली, हळद लावली, आणि मी उद्या पुन्हा जाणार म्हटल्यावर मला अडवलं नाही. सकाळी माझी भाकरी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी मी तेरा जणांत शेवटचा नव्हतो. शेवटून दुसरा होतो. संध्याकाळी मालोजींनी मान हलवली आणि सोनुबाईंचा दिवस पुरा झाला असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पाऊस तिसऱ्या दिवशी पडला, तोवर भात घरात आलं होतं. सोनुबाई आमचे उरलेले दोन पदार्थ उरकून झोडणीसाठी गावी गेल्या आणि त्यांची दिवाळी खळ्यावरच झाली.

पाडव्याला समिधा आणि हरेश आले, बरोबर आनंदीबाई आणि त्यांच्याकडची माणसं. ताटात अकरा पदार्थ होते. आनंदीबाईंनी करंजी खाल्ली, चकली खाल्ली, अनारसा निरखून बघितला. त्यांना गेल्या वर्षीचं ठाऊक होतं.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तब्येत अशी असताना हे एवढं सगळं एकटीनं केलंत? कशाला त्रास घेतलात?"

दर वर्षी या प्रश्नाला सुनंदाचं उत्तर ठरलेलं असे. 'त्यात काय,' असं म्हणत ती हातानं झटकून टाकी आणि पुन्हा स्वयंपाकघरात जाई. या वेळी ती उठली नाही.

"एकटीनं कुठे? नऊ जणांनी केलं," ती म्हणाली. "आमच्या सोनुबाईंनी सावड लावली. आठ जणी आम्ही. आणि सोनुबाईंना इथे थांबता यावं म्हणून त्यांच्या शेतावर दोन दिवस भात कापून आले ते हे नववे. हात बघा त्यांचे."

समिधा माझ्याकडे बघतच राहिली. मी दोन्ही हात पुढे केले. तळव्यांना फोड आले होते, करंगळीला काप होता. आनंदीबाईंनी चष्मा लावून ते पाहिले आणि माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. सुनंदानं स्वतःसाठी एक चकली घेतली आणि लेकीशेजारी बसून सावकाश खाल्ली. चौतीस दिवाळ्यांत, पाहुणे घरात असताना, तिला बसून फराळ करताना मी पहिल्यांदा पाहत होतो.